बैठकीखालची नाल

नगरच्या माळीवाड्यात उभ्यानं चहा पीत होतो. बशी ओठाला लागलेली, आणि पाठीमागं एक गाडी शिंकली. हॉर्न नव्हे, ब्रेक नव्हे. इंजिन गार असताना दोनदा अडखळून तिसऱ्यांदा पकडतं तेव्हा नळीतून जो आवाज निघतो, तो. चहा धोतरावर सांडला. त्याचं काही नाही, धोतरं धुता येतात. पण माझ्या उजव्या पायाचा अंगठा, ॲक्सिलरेटरवर असावा तसा, वहाणेत आपोआप खाली दाबला गेला आणि सुटता सुटेना. मी चौसष्ट वर्षांचा माणूस. एकोणतीस वर्षं त्या अंगठ्याला हे काम कुणी सांगितलं नव्हतं, आणि आता तो मालकाला न विचारता कामावर रुजू झाला होता. वळून बघायची हिंमत होईना. आधी नाकानं पाहिलं: ऊन खाल्लेलं कातडं, जळकं तेल, आणि त्या दोन्हींच्या खाली जुन्या ओल्या लाकडाचा वास. मग वळलो. लांब नाक, सायकलीसारख्या तारांची चाकं, पाठीवर बांधलेलं जादा चाक, दोनच माणसांची बैठक, आणि फाटकं कापडी छप्पर मागं गुंडाळून टाकलेलं. रंग एकेकाळी हिरवा असावा; आता विहिरीच्या पायरीवरच्या शेवाळासारखा झाला होता. असल्या गाड्या आपल्या मुलखात फार आल्याच नाहीत. आल्या त्या भिंगारच्या छावणीत साहेबलोकांबरोबर आल्या, आणि साहेब गेले तशा कुठं कुठं पांगल्या. मी कपबशी हातात तशीच धरून त्या गाडीमागं चालू लागलो. ती कपबशी अजून आमच्या घरात आहे.

गाडी दिल्ली दरवाज्याबाहेर सहादेव मिस्त्रीच्या आवारात शिरली तोवर मी निम्मा एकाहत्तर सालात होतो आणि निम्मा बेचाळीसात. बेचाळीस साली मी छावणीतल्या एका कॅप्टनसाहेबाचा ड्रायव्हर होतो. साहेबाला गाडी पळवायची हौस भारी, पण दुपारी बाटलीची हौस त्याहून भारी, त्यामुळं येताना गाडी माझ्याच हातात असायची. आता विमानाच्या सावलीची गोष्ट. ती अर्ध्या जिल्ह्याला ठाऊक आहे, आणि खरी कुणालाच वाटत नाही. दोष माझाच. मी आयुष्यात बऱ्याच गोष्टी सांगितल्या. प्रवरेला पूर आला तेव्हा कोल्हारला मी म्हशीच्या पाठीवर उभा राहून पलीकडं गेलो आणि धोतराचा सोगासुद्धा भिजला नाही, ही एक. श्रीगोंद्याच्या कारखान्यात एका वर्षी ऊस इतका गोड निघाला की चिमणीच्या धुराला मुंग्या लागल्या, ही दुसरी. त्या थापा होत्या, कबूल. आणि चांगल्या थापा होत्या. पण सावलीची गोष्ट घडली होती. श्रीगोंद्याहून नगरला येत होतो, साहेब शेजारी तोंडावर टोपी टाकून घोरत होता, आणि मागून एक शिकाऊ विमान इतकं खाली आलं की ज्वारीवरचे राखणदार आडवे झाले. त्याची सावली शेतातून सरकत रस्त्यावर आली आणि माझ्या मांडीवर बसली. एवढ्या उन्हात मांडीवर गार सावली. ती पुढं सटकायला लागली तसा अंगठा खाली गेला. अडीच मैल मी त्या सावलीत होतो. दोन्ही बाजूंना ऊन पांढरं फटक, आणि मधे मी, माझी गाडी आणि ती सावली. मग एका क्षणी सावली मागं पडली. मी मागं वळून पाहिलं तर ती रस्त्यावर एकटीच येत होती, दमलेल्या कुत्र्यासारखी. साहेबानं कूस बदलली. एवढीच गोष्ट. साक्षीदार कुणी नाही. एक झोपलेला होता आणि एक आभाळात.

सहादेवाच्या आवारात तीन गाड्या विकायला उभ्या होत्या. मला गाडी घ्यायचीच होती, हे खोटं नाही. बायको घोडेगावच्या शाळेत मुख्याध्यापिका. सारं गाव तिला बाई म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. झुंबरबाई हे तिचं नाव फक्त हजेरीपटावर उरलंय. आमच्या शिंगणापूरपासून शाळा साडेतीन मैल, आणि वीस वर्षं मी तिला सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसवून नेलं. आता माझ्या छातीत चढावर शिट्टी वाजते, तिचे गुडघे संपावर गेलेत, आणि तिच्या नोकरीची दोन वर्षं शिल्लक आहेत. रस्त्याकडेची जमिनीची पट्टी विकली होती ती त्यासाठीच. तर रोज जाईल-येईल, बाईला आणि वह्यांच्या गठ्ठ्यांना वाहील अशी जुनी गाडी, एवढंच शोधायचं होतं. दिवाळीची सुट्टी संपायच्या आत.

सहादेव मला ओळखून होता. तो म्हणाला, "तात्या, त्या हिरवीकडं बघू नका. ती म्हंजी म्हातारी नटी हाय. दिसती झ्याक, पर रोज चुलीम्होरं उभी ऱ्हायची न्हाई."

"उभी ऱ्हानारी कशाला पायजे? पळनारी पायजे."

"बाईंला पळवून न्यायची हाय का शाळेत सोडायची हाय? रोजच्याला ती चार दारांची घ्या. डागदराची हुती, निस्ती दवाखान्याला गेली नि आली. न्हाईतर ही जीप, लष्कराच्या लिलावातली. हिरवीला दोन मान्सं बसत्यात, तिसरं कुत्रं बसत न्हाई."

"आमाला कुत्रं न्हाई," मी म्हणालो. आणि अंगठा अजून खालीच होता.

मी त्याला सांगायला नको होतं, पण सांगितलं: ही गाडी माझी आहे. साहेबाची म्हणजे माझीच. आणि खूण म्हणून बैठकीखालची नालही सांगून टाकली. आम्ही शनीच्या गावचे. गाडीला पहिल्यांदा हात लावायच्या आधी मी काळ्या घोड्याची नाल आणली होती, आणि ड्रायव्हरच्या बैठकीखाली जी लाकडी फळी असते तिच्या आतल्या अंगाला, जिथं हात पोचतो पण डोळा पोचत नाही, तिथं चार खिळ्यांनी ठोकली होती. साहेबाला कळलं असतं तर त्यानं मलाच ठोकला असता. सहादेव लगेच हात घालायला वाकला, तर मीच त्याचं मनगट धरलं. "आत्ता नको," म्हणालो. का म्हणालो? तेव्हा वाटलं, चारचौघांत, बाईसमोर काढू. पण परतीच्या एसटीत इमामपूरचा घाट चढताना खिडकीच्या काचेत माझा चेहरा दिसला, आणि तो चेहरा सांगत होता की तू घाबरलास.

गावात पोचेपर्यंत मात्र छाती पुन्हा भरली. आमच्या गावात घरांना दारं नाहीत. चौकट असते, फळी नसते. शनी राखतो, चोरी होत नाही. लोक लांबून हे बघायला येतात, पण दार नसल्यानं माणसाचं काय होतं ते त्यांना कळत नाही. आमच्याकडं घरात बोललेलं चारचौघांत बोलल्यासारखंच, त्यामुळं खोटं बोलायचं तर ते दणक्यात बोलावं लागतं. मी शनीच्या चौथऱ्याजवळ उभा राहून दणक्यात सांगितलं की माझी सावलीवाली गाडी सापडली. बन्सी तिथं शनीला वाहायचं तेल विकतो, शिवाय घोड्याच्या नाला आणि काळे दोरे. त्यानं तेलाचं माप खाली ठेवलं. "कोंची? ज्या गाडीनं आभाळातल्या इमानाला हरवलं ती? का ज्या म्हशीनं नदी पार केली तिचीच भन?" सगळे हसले. मीही हसलो. हसणं माझ्या थापांच्या धंद्यातलं आहे. म्हशीची गोष्ट आणि ही गोष्ट ह्या लोकांच्या घरी एकाच फडताळात ठेवलेल्या आहेत, हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी मात्र पहिल्यांदा ते टोचलं.

बाई तांदूळ निवडत बसली होती. ऐकून घेतलं. बाईचं ऐकणं म्हणजे वर्गातलं ऐकणं, चेहऱ्यावर काही नाही. ह्या बाईनं जन्मात एक खोटं बोललेलं मला माहीत नाही. एकदा इन्स्पेक्टर यायचा होता तेव्हा आजूबाजूच्या शाळांचे हजेरीपट रातोरात भरले. हिच्या पटावर मात्र अकरा मुलं म्हणजे अकरा मुलं, बाकीची ज्वारी काढायला गेली होती आणि हिनं तसंच लिहिलं. इन्स्पेक्टर चिडला, बदलीची भाषा झाली, ही म्हणाली, "अकरा होती." असल्या माणसाबरोबर चाळीस वर्षं राहून मी थापा मारल्या, ह्यातली मेहनत कुणी बघत नाही.

"रोजच्या वापराला म्हणत होतात ना?" ती म्हणाली. "मग दोन माणसांची, बिनछपराची कशाला?"

"आपल्या गावाला शोभंल. तिला कुलूपच न्हाई. बाजूंला काच न्हाई. आपल्या घरासारखीच हाय. चार दारांची आनली तर चार कुलपं आली. शनीच्या गावात कुलूप घिऊन हिंडायचं?"

"जीपलाही कुलूप नसतं." बाईनं खडा बाजूला टाकला. "खरं कारण सांगा."

मी खरं कारण सांगितलं. सावली, टोपी, ज्वारी, नाल. तिनं हे किती वेळा ऐकलं असेल कोण जाणे. मधे दोनदा उठून चुलीकडं गेली. मी संपवलं तेव्हा सूप झटकून म्हणाली, "ठीक आहे. शनिवारी मी येते. तिन्ही गाड्या पाहीन. तुम्ही म्हणता तिथं नाल निघाली, तर तीच घेऊ, आणि मी रोज तिच्यात बसून शाळेत जाईन. नाही निघाली, तर चार दारांची. आणि ही सावलीची गोष्ट पुन्हा माझ्या कानावर घालायची नाही. म्हशीची सांगा, मुंग्यांची सांगा. ही नाही."

"का? हीच का न्हाई?"

"कारण ही सांगताना तुम्ही माझ्याकडं बघता," ती म्हणाली. "बाकीच्या सांगताना बघत नाही."

नंतरचे चार दिवस मी स्वतःला उलटतपासणीला घेतलं. माणूस एक गोष्ट एकोणतीस वर्षं सांगतो तेव्हा ती झिजते, आणि झिजलेल्या जागी तो ठिगळं लावतो. टोपी खाकी होती की गवती? बन्सीच्या बापाला सांगितली तेव्हा अडीच मैल होते, सोनईच्या बाजारात चार झाले होते, एका लग्नात तर विमानातल्या माणसानं मला सलाम केला होता. सलामाचं ठिगळ माझं, ते ओळखू येतं. पण दमलेल्या कुत्र्याचं? ते तेव्हाच दिसलं होतं की मागून सुचलं? विमान वळलं असेल आणि सावली आपोआप मागं पडली असेल, तर मी जिंकलो कुठं? मी डोळे मिटून बैठकीखाली हात घालायचो. फळीचा खरखरीतपणा लागायचा, खिळ्यांची टोकं लागायची, हातोडी धरल्याची कळ दंडात यायची. मग लक्षात यायचं की दंडातली कळ सायकलची आहे. एका सकाळी अंघोळ करताना स्वच्छ वाटलं की मी नाल ठोकलीच नाही. ठोकायची असं ठरवलं होतं, साहेब आला, राहून गेलं. आणि पुढं सांगता सांगता ठोकली गेली. पाणी गरम होतं तरी काटा आला. मी आयुष्यभर लोकांना फसवलं ह्याचं मला काही नव्हतं, उलट जरा अभिमानच होता. पण त्या लोकांत मीही बसलेलो असलो तर? आणि ही गोष्टही गेली तर माझ्याकडं घडलेलं असं काय उरतं? एक सायकल. आणि साडेतीन मैल गुणिले वीस वर्षं.

गुरुवारी बाई जिल्हा परिषदेत काम आहे म्हणून नगरला गेली. सुट्टीत कसलं काम म्हणून मी विचारलंही नाही. माझ्याच डोक्यात गिरणी चालू होती. संध्याकाळी आली ती दमून, आणि पदराला हातभर काळा डाग. "एसटीत लागला," म्हणाली आणि साबण घेऊन बसली. मी त्या वेळात चौथऱ्याकडं जाऊन बन्सीला हळूच म्हणालो, एक नाल दे. हो, तेच. गोष्ट खरी असेल तर नालेनं काही बिघडत नव्हतं, आणि खोटी असेल तर नालच ती खरी करणार होती. मी धंद्यातला माणूस, मोकळ्या हातानं कसा जाणार? बन्सी गालात हसला. "संपल्या, तात्या. शेवटची परवाच गेली."

"कुनी नेली?"

"हाय एक गिऱ्हाईक. तुमच्यासारखंच, गुपचूप आलं नि गुपचूप गेलं."

शेवटी घोडेगावच्या टांगेवाल्याकडनं मिळाली. घोडा काळा नव्हता, तांबडा होता. म्हटलं, बैठकीखाली अंधारात कोण बघतंय.

शनिवारी आम्ही आवारात पोचलो तसा सहादेव म्हणाला, "शनवारी लोखंड घरात नेत्यात व्हय?" मी म्हणालो, "आमच्या गावात शनवारीच नेत्यात. बाकीच्या वारी इचारावं लागतं." आवाज ठीक निघाला. बंडीच्या खिशातली नाल बरगडीला लागत होती. बाईनं बरोबर डबा, छत्री आणि वह्यांचा गठ्ठा आणला होता. रोज जे न्यायचं ते आणूनच बघायचं, हा तिचा हिशेब. आधी जीप. नऊवारीत तिनं पाय उचलला, पायरीपर्यंत पोचला नाही, पुन्हा उचलला. "ह्यात चढायला मला आधी दुसरी जीप लागेल," ती म्हणाली. मग चार दारांची. दार उघडून सरळ बसली, गठ्ठा शेजारी, छत्री पायाशी, काच खाली-वर करून पाहिली. पेट्रोल किती पिते, तेल गळतं का, चढावर तापते का, सगळं विचारलं; सहादेव शाळेतल्या पोरासारखा हाताची घडी घालून उत्तरं देत होता. "उत्तम आहे," बाई म्हणाली. बाई उत्तम म्हणते तेव्हा दहापैकी नऊ असतात. मग ती उतरून म्हणाली, "आजारी माणसाला नेण्यासारखी आहे," आणि हिरवीकडं वळली. तिचं दार उलट्या बाजूनं उघडतं. बाई आधी पाठमोरी बसली, मग दोन्ही पाय उचलून आत घेतले. कुठं चढणं नाही, कुठं गुडघा मुडपणं नाही. "पाटावर बसल्यासारखं आहे," ती स्वतःशीच म्हणाली. गठ्ठा पाठीमागच्या खाचेत बसला, जणू खाच त्या गठ्ठ्यासाठीच केली होती.

सहादेवाला राहवेना. "बाई, धुरळा लई बसंल."

"वीस वर्षं सायकलवर काय अत्तर बसत होतं?"

"आन पाऊस?"

"छप्पर फाटलंय, गेलं नाही. शिवता येतं मला." मग ती माझ्याकडं वळली, फळ्यापाशी बोलवावं तसं. "हं. नाल."

मी गुडघ्यावर बसलो. रुमाल काढायच्या निमित्तानं टांगेवाल्याची नाल डाव्या हातात घेतली, उजवा हात बैठकीखाली घातला. खाली धूळ, एक वाळलेली काडी, लोखंडी पट्टी, मग फळी. पट्टी ओलांडून बोटं आत सरकली, आणि तिथं नाल होती.

गार, वाकडी, जिथं म्हणालो तिथंच. पहिल्यांदा जो आनंद झाला त्याला नाव नाही. सावली पुन्हा मांडीवर येऊन बसली. मी होतो! मी ठोकली होती! मग अंगठा खिळ्यावर गेला. खिळ्याचं डोकं गोल, घुमटासारखं, गुळगुळीत. एक खिळा सरळ, दुसरा वाकडा जाऊन ठोकून ठोकून बसवलेला. दोनच खिळे. मी चार ठोकले होते, चपट्या डोक्याचे. हे गोल डोक्याचे पितळी खिळे मला माहीत होते. कापड बाजारातून मीच आणले होते, बाईच्या वर्गातला नकाशा वाऱ्यानं फडफडतो म्हणून. मिस्त्रीनं ठोकलेला खिळा वाकडा जात नाही. पदरावरचा डाग, जिल्हा परिषद, बन्सीचं गुपचूप गिऱ्हाईक: तिन्ही गोष्टी एकामागून एक आल्या आणि शेजारी शेजारी बसल्या. म्हणजे माझी नाल नव्हतीच. फळी कोरी होती. हात काढून घ्यावा असं वाटलं, पण बोटं जरा पुढं सरकली, आणि नालेच्या पलीकडं बोटभर अंतरावर एक खाच लागली. अर्धगोल. लाकूड तिथं दबलेलं, काठाला गंजाची खरबरीत पापडी, आणि खाचेत एक, दोन, तीन, चार भोकं. नाल कधीतरी गळून पडली होती. जागा राहिली होती.

तसाच बसून राहिलो. बोट एकदा खाचेवर, एकदा पितळेवर. एकोणतीस वर्षं मला वाटत होतं की ही बाई माझी गोष्ट ऐकत नाही, मधेच चुलीकडं जाते. आणि तिनं न बघता, नुसत्या ऐकण्यावर, नाल बोटभर अंतराच्या चुकीनं बरोबर जागी ठोकली होती. तिला गोष्ट खरी वाटत नव्हती. तरी ती खरी ठरावी म्हणून तिनं दुखरे गुडघे घेऊन एसटीनं प्रवास केला, मिस्त्रीच्या मोरीसारख्या आवारात बसून फळीखाली हात घातला.

"सापडली का?" बाईनं विचारलं. मी मान वळवली. ती माझ्याकडं बघत नव्हती. चाकाच्या तारा मोजत होती. गृहपाठ न केलेलं पोर दप्तराकडं बघतं तशी. पलीकडं सहादेव स्वतःच्या हातोडीकडं बघत होता, जणू ती त्यानं आजच पाहिली.

एक शब्द पुरे होता. म्हणायचं, ही नाल परवाची आहे, पण इकडं हात घाला, ही बघा माझी खाच, ही चार भोकं. सहादेवानं बोट घालून पाहिलं असतं, बन्सीला खाली मान घालावी लागली असती, अर्ध्या जिल्ह्यात माझी गोष्ट त्या दिवशी खरी झाली असती. शब्द जिभेवर आला होता, वजनदार, खरा. मी तो गिळला. खरं बोलायची एवढी मोठी संधी मी त्याआधी कधी दवडली नव्हती. खरं म्हणजे तशी संधी त्याआधी कधी आलीच नव्हती.

"हाय," मी म्हणालो. "मी ठोकली तश्शीच हाय." आणि डाव्या हातातली तांबड्या घोड्याची नाल रुमालात गुंडाळून खिशात परत गेली.

बाईनं श्वास सोडला. "मग हीच," ती म्हणाली. तारा मोजून झाल्या असाव्यात.

येताना गाडी मी चालवली. जेऊर मागं पडेपर्यंत बाई पदर कानांवर घट्ट धरून बसली होती. इमामपूरच्या घाटात गाडी दोन अडखळ्यांत चढली, शिट्टी वाजली नाही, ना तिची ना माझी. वर आलो तेव्हा एक घार रस्त्यावरून तिरकी आली, आणि तिची सावली आमच्या पुढं डांबरावरून धावू लागली. मी मान सरळ ठेवली. मग शेजारून, मुख्याध्यापिकेच्या आवाजात, आवाज आला, "जरा वाढवा की. गाठा तिला." अंगठा खाली गेला. बाईनं पदर सोडला, केस सुटले, एका हातानं तिनं समोरची काच धरली. सावली आमच्या नाकावर आली, मांडीवर आली, तिच्या मांडीवर गेली. ती खाली बघत होती, मांडीवरच्या सावलीकडं, आणि ओठ मिटलेले होते, पण मी चाळीस वर्षं ते ओठ वाचतोय. मग सावली मागं पडली. बाईनं मागं वळून पाहिलं. "दमली," ती म्हणाली.

सोमवारी शाळा उघडली. शाळेपुढं गाडी उभी केली तेव्हा सगळी पोरं भिंतीवर चढली होती. बाई आधी पाय बाहेर काढून, मग उठून, अगदी सहज उतरली. वह्यांचा गठ्ठा कमरेवर घेतला. उघड्या खिडकीतून वर्गातली भिंत दिसत होती. महाराष्ट्राचा नकाशा डाव्या बाजूच्या दोन खिळ्यांवर उरला होता. उजवीकडून सुटून चांदा-भंडारा पार खाली लोंबत होता. नगर जिल्हा मात्र जागेवर होता.

"बाई," मी म्हणालो, "नकाशा पडाय लागला की."

तिनं वळून पाहिलं. "हो. नगरला गेलात की दोन खिळे आणा. पितळीच आणा."

"हुते त्ये कुठं गेले?"

पोरं बघत होती. अकरा म्हणजे अकरा लिहिणारी बाई माझ्या डोळ्यांसमोर दोन्ही पाय जवळ घेऊन उभी राहिली, उडी मारायच्या आधी माणूस उभा राहतो तशी.

"उंदरांनी नेले," ती म्हणाली.

"खिळे?"

"पितळी असले तर नेतात. इथले उंदीर मोठे आहेत."

माझी छाती इतकी फुगली की बंडीतली नाल बरगडीवर वाजली. ही थाप मला सुचली नसती. आणि मी चिमणीच्या धुराला मुंग्या लावलेला माणूस आहे. "किती मोठं?" मी विचारलं. गठ्ठा कमरेवर तोलत बाईनं मोकळा हात जमिनीपासून वर धरला, मांजराएवढा. माझ्याकडं बघितलं, थेट डोळ्यांत. मग हात आणखी जरा वर नेला. मी गाडी चालू केली. ती दोनदा शिंकली, तिसऱ्यांदा तिनं पकडलं. रस्त्याला लागून मागं वळून पाहिलं, तर पोरांच्या घोळक्यात बाई तशीच उभी होती, आणि हात अजून वर जात होता.